काम ‘झालंच’ होतं, तरी परत का आलं? परदेशी क्लायंटबरोबरच्या जुन्या दुखण्यावर उपाय

समस्या अशी: क्लायंट अमेरिकेत, टीम सोलापुरात. कॉलवर सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. पोरं आठवडाभर राबतात, काम पाठवलं जातं आणि दोन दिवसांनी तिकीट, म्हणजे त्या कामाची ऑनलाइन नोंद, परत उघडतं. खाली एक ओळ: ‘आम्ही हे मागितलं नव्हतं.’ दुरुस्त करून द्यावं, तर पुढच्या पंधरवड्यात दुसऱ्या तिकिटाचं तेच. कोडमध्ये चूक असती तर एव्हाना सापडली असती.

आमचं ऑफिस जुळे सोलापुरात, अकरा जणांचं. ओहायोतली एक कंपनी बांधकामाची यंत्रं भाड्याने देते, तिच्या बिलांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. काम थेट आमच्याकडे आलेलं नाही, मध्ये पुण्याची एक कंपनी आहे. सव्वा वर्ष हे दुखणं काढल्यावर आता तिकिटं परत येणं बरंच कमी झालंय. अगदी बंद झालेलं नाही. काय केलं ते लिहितोय, आणि काय करून फुकट गेलं तेही.

आधी इंग्रजीवरचा संशय काढून टाका

आम्हीही पहिल्यांदा इंग्रजीलाच धरलं होतं. टीमला संध्याकाळचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला. तीन महिन्यांत पोरं फाडफाड बोलायला लागली, तिकिटं मात्र पूर्वीइतकीच परत येत राहिली. फक्त माफीची मेल जरा चांगल्या इंग्रजीत जायची. मग रोज रात्री साडेनऊला आणखी एक कॉल ठेवला. दोन आठवड्यांत लोक कॅमेरा बंद करून जेवायला लागले. मग प्रत्येक कॉलचा सविस्तर वृत्तांत लिहायला घेतला. तो माझ्याशिवाय कुणी वाचत नव्हतं, आणि पुढे पुढे मीही नुसता चाळायला लागलो.

तसं सोलापूरकराला एका भाषेचं ओझं व्हावं हे नवलच. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या गल्लीत वाढलेला पोरगा घरात तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, दुकानात कन्नड आणि क्रिकेट खेळताना दख्खनी. त्याला आणखी एक भाषा जड जात नाही. घोटाळा दुसरीकडे होता.

तो शोधायला एक काम करा. मागची परत आलेली दहा-बारा तिकिटं काढा आणि प्रत्येकाचा पत्रव्यवहार पहिल्यापासून वाचा. चूक कुणाची हे शोधू नका, त्याने भांडणच होतं. एवढंच बघा की दोघांच्या डोक्यातला अर्थ पहिल्यांदा कुठल्या वाक्यावर वेगळा झाला. त्या वाक्यावर खूण करा. आम्ही एका शनिवारी दुपारी हे केलं, टेबलावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. खुणा मोजल्या तर निम्म्याहून जास्त वाक्यं आमचीच निघाली. इंग्रजी म्हणून त्यांत काही चुकीचं नव्हतं. पण ती मराठीत विचार करून बोललेली होती, आणि मराठीतला अर्धा अर्थ वाटेत सांडला होता.

‘करतो’, ‘झालंच’, ‘बघतो’

सगळ्यात महागात पडलेलं वाक्य सांगतो. बुधवारचा कॉल संपत आलेला. क्लायंटकडच्या बाईंनी विचारलं, यंत्रं परत घेण्याच्या स्क्रीनचं कुठवर आलंय? आमचा पोरगा हसतमुखाने म्हणाला, “येस मॅम, इट इज डन ओन्ली. स्मॉल स्मॉल थिंग्ज आर देअर.” बाई खूश. त्यांनी शुक्रवारी यार्डातली दोन माणसं कामावरून काढून चाचणीला बसवली. त्या दोघांनी अर्धा तास खपून माहिती भरली, सेव्ह दाबलं आणि काहीच झालं नाही. जे ‘किरकोळ’ राहिलं होतं, त्यात माहिती साठवण्याचा भागही होता.

रात्री मेल आली तशी मी पोराला फोन लावला. “झालं म्हणून का सांगितलंस बे?”

“अण्णा, झालं कुठं म्हणालो? झालंच म्हणालो की.”

मराठीत तो शंभर टक्के बरोबर होता. ‘झालंच’ म्हणजे अजून व्हायचंय, पण तुम्ही काळजी करू नका. हे आपल्याला त्या ‘च’वरून कळतं. इंग्रजीत गेल्यावर ‘च’चा ‘ओन्ली’ झाला, आणि समोरच्या बाईंना ऐकू आलं फक्त ‘डन’.

‘करतो’चंही तसंच. ‘हे मी करतो’ यात आपण वचन देतो, काम अजून हातात घेतलेलंही नसतं. तेच पोरं ‘आय ॲम डूइंग इट’ असं सांगतात आणि क्लायंट समजतो की काम सुरू झालं. तो त्या दिवसापासून दिवस मोजायला लागतो, आपण मात्र पुढच्या सोमवारपासून मोजणार असतो. ‘बघतो’ तर त्याहून अवघड. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला ‘बघतो, जमवतो’ म्हटलं की हा येणार नाही हे देणाऱ्यालाही कळतं आणि घेणाऱ्यालाही. दोघांचीही अब्रू राहते. क्लायंटने एखादी अशक्य तारीख सांगितली की आपण त्याच सुरात ‘वुई विल सी’ म्हणतो. आपल्या मते आपण नाही म्हटलेलं असतं, त्यांच्या वहीत होकार पडलेला असतो. आमच्याकडे आणखी एक भर म्हणजे कन्नडमधलं ‘आयतु’. काम संपलं तरी आयतु, आणि ‘बरं, ऐकलं’ म्हणायचं तरी आयतु.

कॉलवरच्या ‘येस, येस’चीही वेगळी नोंद घ्या. आपल्याकडे कुणी बोलत असताना मध्ये मध्ये हुंकार द्यावा लागतो, नाहीतर ऐकणारा झोपला असं वाटतं. आपला ‘येस’ म्हणजे तो हुंकार. पलीकडे मात्र प्रत्येक ‘येस’ ही संमती धरली जाते.

उपाय म्हणून आम्ही कामाची स्थिती सांगताना हे शब्द बंदच केले. टक्केही बंद. ‘नव्वद टक्के झालं’ हा ‘झालंच’चाच सुटाबुटातला भाऊ आहे. त्याऐवजी रोज तिकिटाखाली तीन ओळी जातात: आत्ता या लिंकवर काय उघडून बघता येईल, काय अजून चालणार नाही, आणि आम्ही कशासाठी अडलोय. त्या स्क्रीनसाठी या ओळी अशा गेल्या असत्या: ‘परतीचा फॉर्म या लिंकवर दिसतो, यंत्राचा क्रमांक शोधता येतो. सेव्ह चालत नाही, भरलेली माहिती राहणार नाही. खराब झालेल्या यंत्राची नोंद कोण मंजूर करतं हे कळलेलं नाही.’ एवढं वाचून कुणी यार्डातली माणसं बोलावली नसती.

पहिल्या महिन्यात पोरांना दुसरी ओळ लिहायला जिवावर आलं. काय चालत नाही हे आपणहून सांगायचं म्हणजे आपली लाज आपणच काढायची, असं वाटतं. त्यासाठी मीच माझ्या तिकिटांवर ती ओळ सगळ्यात लांबलचक लिहायला लागलो. पाण्याच्या जारवर एक कागदही चिकटवला, त्यावर ‘करतो, झालंच, बघतो’ लिहून काट मारलेली. दोन दिवसांनी कुणीतरी खाली पेनाने ‘आयतु’ लिहून त्यालाही काट मारली. तेव्हा वाटलं, आता लागू पडेल.

जाता जाता आणखी दोन शब्द. आम्ही एकदा लिहिलं, ‘वुई विल रिव्हर्ट बाय टुमॉरो मॉर्निंग.’ आपल्याकडे रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, वापरणाऱ्या माणसाला रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवणं. दहा मिनिटांत घाबरलेला निरोप आला की कृपा करून काहीही मागे घेऊ नका. दुसरा शब्द ‘डाउट’. आपण प्रश्न या अर्थाने ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो, तिकडे त्याचा अर्थ ‘मला यावर भरवसा नाही’ असा होतो. साधं ‘क्वेश्चन’ म्हणा.

शुक्रवारचा प्रश्न मंगळवारी सुटतो

त्या खुणांमधली दुसरी मोठी रास घड्याळाची निघाली. ओहायो आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. आमचं ऑफिस सातला सुटतं, म्हणजे दोघं एकाच वेळी खुर्चीत असतात तो वेळ उन्हाळ्यात अर्धा तास. हिवाळ्यात तोही नाही.

एक खरा प्रवास बघा. शुक्रवारी संध्याकाळी पाचला आम्ही विचारलं, ‘महिन्याच्या मध्येच यंत्र घेतलं तर भाडं कसं धरायचं?’ त्यांनी ते सकाळी वाचलं आणि जेवायला जायच्या आधी उलट विचारलं, ‘कुठल्या ग्राहकांबद्दल म्हणताय?’ तोवर इकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले. सोमवारी सकाळी आम्ही उत्तर लिहिलं, तेव्हा ओहायोत रविवारची मध्यरात्र उलटलेली. त्यांचं पुढचं उत्तर सोमवारी रात्री आलं, आम्ही मंगळवारी सकाळी वाचलं. एका ओळीचा प्रश्न, आणि तोवर तो लिहिणारा पोरगा कंटाळून स्वतःच्या अंदाजाने पुढे गेलेला. तो अंदाज चुकला की तिकीट परत.

म्हणजे महाग पडतो तो उलटा प्रश्न. त्यामुळे आमचा नियम असा: ज्याला उलट प्रश्न येऊ शकतो तो प्रश्न पाठवायचाच नाही. वरचाच प्रश्न आता असा जातो:

‘मासिक करारावरच्या ग्राहकाने १७ तारखेला यंत्र घेतलं, तर पहिल्या बिलात (अ) पूर्ण महिन्याचं भाडं लावायचं की (ब) तेवढ्या दिवसांचंच? आम्ही (ब) धरून पुढे चाललो आहोत. तुमच्या बुधवारी दुपारी बारापर्यंत वेगळं काही कळलं नाही तर (ब) ठेवू. नंतर (अ) करायचं ठरलं तर दीड दिवसाचं काम वाढेल.’

यात सगळ्यात उपयोगी ओळ कुठली, तर ‘धरून पुढे चाललो आहोत’. क्लायंटला उत्तर द्यायला वेळ झाला नाही तरी काम थांबत नाही, आणि आपला अंदाज लपूनही राहत नाही. शेवटच्या ओळीतला दीड दिवस बघून लोक उत्तर जरा लवकर देतात, हा माझा अनुभव. पण एक पथ्य कडक पाळा. पैसे कापले जाणार असतील, चालू डेटा पुसला जाणार असेल किंवा ग्राहकांना मेल जाणार असेल, तर मौन म्हणजे संमती कधीच धरू नका. तिथे लेखी होकार येईपर्यंत हात बांधून बसायचं.

आकडे घालून परत म्हणून दाखवा

कॉलच्या शेवटी ‘सगळं क्लिअर आहे ना?’ हा प्रश्न आम्ही बंद केला. त्याला ‘हो’शिवाय उत्तर येत नाही. मास्तरांनी ‘समजलं का?’ विचारल्यावर वर्गात कधी कुणी ‘नाही’ म्हणायचं का?

त्याऐवजी ज्याला काम करायचंय त्याने, मॅनेजरने नव्हे, एक उदाहरण आकड्यांसकट करून दाखवायचं. दिवसांच्या हिशोबाचं भाडं ठरलं तेव्हा पोराने कॉलवरच मांडलं: महिन्याचं भाडं ३०० डॉलर. यंत्र १७ जूनला घेतलं. जून ३० दिवसांचा, १७ ते ३० धरून १४ दिवस. रोजचे १० डॉलर, बिल १४० डॉलर. पलीकडून बाई म्हणाल्या, “नाही, १३०. यंत्र नेतात तो दिवस आम्ही धरत नाही.”

हा नियम दस्तऐवजात कुठेच नव्हता. त्यांना तो इतका अंगवळणी पडलेला की सांगायचा असतो हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. तास-दीड तास चर्चा करून जे बाहेर आलं नसतं, ते चुकलेल्या दहा डॉलरने बाहेर आलं. त्या दिवसापासून चुकणारं उदाहरण आम्हाला बरोबर उदाहरणापेक्षा जास्त आवडायला लागलं. उदाहरण तिकिटात जसंच्या तसं चिकटवायचं. पुढे चाचणीही त्याच आकड्यांवर होते.

मधला माणूस

आमच्या बाबतीत तो पुण्यात होता. सोलापूरचा प्रश्न आधी पुण्याला, तिथून ओहायोला, उत्तर त्याच वाटेने परत. कानगोष्टींच्या खेळात जे होतं तेच व्हायचं. पुण्याचा मॅनेजर माणूस सज्जन, पण क्लायंटला त्रास नको म्हणून तीन प्रश्नांचा एक करून पाठवायचा, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून रागावलेल्या उत्तरातला राग काढून टाकायचा. राग गेला की क्लायंटला काय महत्त्वाचं वाटतंय तेही जायचं.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये मांडलंय की संस्थेत बोलण्याच्या वाटा जशा असतात, तसाच आकार ती बनवत असलेल्या प्रणालीला येतो. आमच्याकडे तो डोळ्यांनी दिसायचा. ग्राहकांचा भाग पुण्याच्या टीमने केलेला, बिलांचा आमच्या. ग्राहकाचा पत्ता त्यांच्या बाजूला तपासला जायचा आणि आमच्या बाजूला पुन्हा, जरा वेगळ्या नियमाने. दोन्ही टीम एकमेकांशी फक्त मॅनेजरमार्फत बोलायच्या, मग दुसरं काय होणार?

यावर मॅनेजरला डावलून थेट क्लायंटला मेल टाकू नका. करारात बहुतेक वेळा तशी मनाई असते आणि काम जाऊ शकतं. आम्ही फक्त एवढं मागितलं की प्रश्नांचा एकच ऑनलाइन बोर्ड असावा आणि तो तिघांनाही दिसावा. मॅनेजर त्यावर कायम हजर, त्याला वगळून एक ओळही नाही. पण प्रश्न ज्याचा त्याच्याच शब्दांत जायचा. तयार व्हायला त्याला दोन महिने लागले. त्याची भीती खरी होती: उद्या हे लोक थेटच काम घेतील. ती भीती मी बोलून दाखवली आणि घेणार नाही हे लिहून दिलं, तेव्हा गाडी पुढे सरकली.

घड्याळ, तारखा, सुट्ट्या, वीज

हे भराभर उरकतो. कॉलचं निमंत्रण क्लायंटच्या वेळेनुसार बनवा, आपल्या नव्हे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये त्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं, त्यामुळे दोन्हीकडचे क्लायंट असतील तर मार्चचे दोन-तीन आठवडे सगळं वेळापत्रक वाकडं चालतं.

०४/०५ अशी तारीख कधीच लिहू नका. आपल्याला ती चार मे, त्यांना पाच एप्रिल. महिना अक्षरांत लिहा. रकमेत १,००,००० असा स्वल्पविराम दिसला की त्यांना टायपिंगची चूक वाटते.

सुट्ट्यांच्या यादीत गावच्या सुट्ट्या घाला. त्यांचा नोव्हेंबरातला चौथा गुरुवार आपल्याला माहीत असतो, कारण त्या दिवशी तिकडून सगळं शांत होतं. पण जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत इकडे का शांत होतं, हे त्यांना कोण सांगणार? भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा आमची निम्मी टीम पांढऱ्या बाराबंदीत नंदीध्वजांबरोबर असते. पहिल्या वर्षी आम्ही त्या आठवड्यात रिलीज ठेवलं होतं. आता डिसेंबरातच यात्रेचे फोटो लावून कळवतो. बाई दर वर्षी नंदीध्वजांची चौकशी करतात.

आणि मे महिन्यातला वळीव. दिवसभर भट्टी तापते आणि वारा सुटून वीज जाते ती नेमकी साडेसहाला, कॉलच्या तोंडावर. म्हणून वर सांगितलेल्या तीन ओळी सहाच्या आत तिकिटाखाली गेल्याच पाहिजेत. मग कॉल झाला नाही तरी त्यांचा दिवस वाया जात नाही. राउटरला छोटा यूपीएस आणि एका फोनवर दुसऱ्या कंपनीचं सिम, एवढं बाकी पुरतं.

हे सगळं करूनही तिकीट परत आलं तर

मग बहुधा दुखणं तुमच्याकडे नाही. तिकिटात चिकटवलेलं उदाहरण उघडा आणि बघा, त्यांनी मान्य केलेले आकडे आणि आता मागितलेले आकडे तेच आहेत का. वेगळे असतील तर क्लायंटचं मत बदललंय. तो त्यांचा हक्क आहे, पण ते वाढीव काम आहे आणि त्याचं बिल लागतं. एकदा आमच्याकडे याहून वेगळंच निघालं. एकाच उदाहरणाला बाईंनी १३० म्हटलं आणि त्यांच्या हिशोब विभागातल्या गृहस्थांनी १४०. दोघं एकाच इमारतीत बसतात. आम्ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी चिकटवली, खाली फक्त ‘यातलं कुठलं धरू?’ एवढं लिहिलं, आणि त्या तिकिटाला चार दिवस हात लावला नाही.